पुलावर माणूस हवा

१

रामहरी मोहोळकर पुलाखाली उताणा पडला होता आणि त्याच्या तोंडावर काळं फडकं होतं.

मंद्रूपपासून दोन कोसांवर एका ओढ्यावर हा पूल आहे. कोणी बांधला ते कोणालाच ठाऊक नाही. एक जण म्हणतो बादशहानं, दुसरा म्हणतो राक्षसानं. लोक त्याला बसवण्णाचा पूल म्हणतात, कारण पायथ्याच्या कोनाड्यात दगडी नंदी आहे. तीन कमानी, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी रुंदी, आणि मधल्या कमानीवरचे दोन्ही अंगांचे कठडे कधीच पुरात वाहून गेलेले. खाली फाल्गुनातला कोरडा ओढा आणि हे एवढाले गोटे.

साल एकोणीसशे तेहतीस. मी त्या भागाचा फौजदार. पेन्शनीला तीन महिने उरले होते, गुडघे कधीच रिटायर झाले होते, आणि मेलेल्या माणसाजवळ उकिडवं बसायचा मला मनापासून वीट आला होता. तरी बसलो. डोक्याची मागची बाजू फुटलेली. अंगावर झटापटीची खूण नाही. घड्याळ मनगटावर, पाकीट कोटात, आणि कोटाच्या दुसऱ्या खिशात एक गोल पितळी टोपण.

रामहरीला मी ओळखत होतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्याचं फोटोचं छोटं दुकान होतं. लग्नामुंजींचे फोटो काढून पोट भरायचा आणि सवड मिळाली की लाकडी कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांतले जुने पूल शोधत हिंडायचा. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. एकदा सर्व्हिस मोटारीत शेजारी बसला होता तेव्हा मी विचारलं होतं, ‘अहो, पूल कशाला?’ तर म्हणाला, ‘देवळाला सगळे हात जोडतात, फौजदारसाहेब. पुलावरून नुसते जातात.’ मला तो तेव्हा अर्धवट वाटला होता.

कॅमेरा ओढ्याच्या वरच्या अंगाला, पुलापासून चाळीस पावलांवर तिवईवर उभा होता. रामहरी पडला होता पुलाच्या पलीकडच्या अंगाला. कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण नव्हतं. फोटोच्या काचेच्या प्लेटा चामड्याच्या पिशवीत होत्या आणि पिशवीचा पट्टा बंद होता. तिवईच्या पायाशी चार कण्हेरीची फुलं पडली होती. पुलावर मधोमध, धुळीत, टाचांच्या तीन खुणा होत्या. एकामागं एक, सारख्या अंतरावर, पलीकडच्या कडेपर्यंत.

मी हे सगळं वहीत उतरवत होतो तेवढ्यात महिपती पाटील पुढं आला. जवळच्या वाडीचा पोलीस पाटील, भरघोस मिशांचा, कपाळावर अष्टगंधाचा टिळा.

“साहेब, लिवायचं राहू द्या. आरोपी धरलाय.”

बाभळीला एक धनगर बांधला होता. म्हातारा नव्हे, पण उन्हानं पार रापलेला.

“ह्यो येडू. ह्यानंच आमाला वर्दी दिली,” पाटील म्हणाला.

“वर्दी दिली तो आरोपी कसा?”

“तोंडावर फडकं ह्यानंच घातलं म्हनतोय. आन् परवा समद्यांदेखत ह्यानंच सांगितलं व्हतं, परत फोटूचा डबा लावलास तर तुला ह्याच पुलाखाली घालीन म्हनून.”

मी येडूकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

“म्हनलो व्हतो, साहेब,” तो म्हणाला. “खरं हाय त्ये.”

२

पोलिसाच्या नोकरीत खरं बोलणारा आरोपी भेटला की डोकं दुखतं. खोटं बोलणाऱ्याला निदान धरता तरी येतं.

येडूची मेंढरं सांगोल्याकडची. तिकडं पाणी आटलं की ही माणसं कळप घेऊन भीमेच्या अंगाला उतरतात आणि शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. चार दिवसांपूर्वी कळप पुलावरून जाताना रामहरीनं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दोन मेंढ्या पाय झाडून मेल्या.

“डब्यानं त्यांचं आयुष्य वढून घेतलं, साहेब. मग मला राग आला. काठी उगारली मी. मारली न्हाय.”

“आणि काल?”

“काल मंद्रूपचा बाजार. समदी तिकडं. मी मेंढरं घिऊन वरच्या झऱ्याला व्हतो. दिस कलल्यावर आलो तर डबा एकलाच उबा. खाली बगितलं तर ह्ये.” त्याच्या कपाळावरचा पिवळा भंडारा घामानं गालांवर उतरला होता. “माश्या बसत व्हत्या तोंडावर. डब्यावरचं फडकं काडलं, घातलं. आन् पाटलाकडं पळालो.”

“झऱ्यावर तुला कोणी पाहिलं?”

“मेंढरांनी,” येडू म्हणाला, आणि मी हसेन की काय या भीतीनं लगेच म्हणाला, “दुसरं कुनीच न्हाय की.”

त्याची बायको तानाबाई कळपापाशी उभी होती. ती रडली नाही, पाया पडली नाही. “साहेब, हितला चारा चार दिसांचा,” एवढंच म्हणाली. “मला एकलीला येवडी मेंढरं हालवता येत न्हाईत. आन् त्याला सोडून मी जानार बी न्हाय. मग आमी काय करायचं त्ये तुमीच सांगा.”

सोमवारी येडूला सोलापुरात मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं होतं. वरच्या साहेबांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय. धमकी आहे, माणूस मेलाय, धनगर परमुलखातला आहे, असा कागद गेला की पुढं सेशन कोर्ट आणि त्याच्या पुढं दोर.

मी पाटलाला विचारलं, रामहरी मेल्यावर आणखी कोणाचा फायदा? पाटलानं नाइलाजानं सिद्रामप्पाचं नाव घेतलं. सिद्रामप्पा वाडीतला रस्त्याचा कंत्राटदार. नव्या सडकेच्या मोऱ्यांना त्याला ह्याच पुलाचे घडीव दगड हवे होते. पूल मोडकळीला आलाय असा अर्ज त्यानं वर केला होता. रामहरीच्या फोटोत मात्र पूल ठणठणीत दिसला असता.

सिद्रामप्पा समोर आला तो तावातच. कपाळभर विभूतीच्या तीन रेघा, डोक्याला रुमाल. “माझ्यावर कशाला बालंट घेताय? काल दिवसभर मी मंद्रूपच्या बाजारात बसलो होतो. ह्या पाटलालाच विचारा.”

“व्हय,” पाटील म्हणाला. “माझ्या शेजारीच व्हता. दिवे लागंपर्यंत.”

झालं. ज्याला कारण होतं तो जागेवर नव्हता आणि जो जागेवर होता त्यानं कारण स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. पण इथं चोर होता की नाही तेही मला कळेना. टाचांच्या त्या तीन खुणा मनातून जात नव्हत्या. ढकललेल्या माणसाच्या टाचा फरफटतात. त्या अशा मोजून टाकल्यासारख्या पडत नाहीत. रामहरी स्वतःच्या पायांनी मागं चालत गेला होता.

३

रामहरीची बायको सारजाबाई दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होती. तिसऱ्या दिवसाची आवराआवर चालू होती. मी चप्पल काढून बसलो. अशा घरांत काय बोलायचं ते तीस वर्षांत मला जमलेलं नाही.

तिनंच सुरुवात केली. “ते पडले की त्यांना कोणी पाडलं, एवढं मला सांगा. बाकी काही नको.”

“त्यासाठीच आलोय. बाई, मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. ते काम कसं करायचे?”

ती उठली आणि एक जाड वही घेऊन आली. त्यात पूलच पूल. सीनेवरचे, भोगावतीवरचे, नाव नसलेल्या ओढ्यांवरचे. एकेचाळीस पूल सहा वर्षांत, बहुतेक पायी. आणि प्रत्येक पुलावर एक माणूस उभा. कुठं गुराखी, कुठं मोळीवाला, एके ठिकाणी सायकल धरलेला पोस्टमन.

“हे कोण?”

“कोणीही. पुलावर माणूस हवा, नाही तर पूल केवढा ते कसं कळणार, म्हणायचे. माणूस मिळेपर्यंत फोटो काढायचे नाहीत. दिवस दिवस बसून राहायचे.” तिनं एका फोटोवर बोट ठेवलं. “लोक तयार व्हायचे नाहीत हो. आयुष्य कमी होतं म्हणायचे. मग हे काय करायचे, आधी स्वतः पुलावर जाऊन उभे राहायचे आणि त्या माणसाला फडक्यात डोकं घालून बघायला सांगायचे. बघ, मला काही होतंय का? त्याची भीती मोडली की मग तो उभा राहायचा.”

मी वही मिटली.

“आणि टोपण? भिंगावरचं?”

“ते त्यांचं सोवळं होतं. कॅमेऱ्यापासून दोन पावलं लांब जायचं तरी टोपण लावून जायचे, धूळ बसते म्हणून. दुधी काचेवर चित्र बघायचं तेवढा वेळ काढायचं. बघून झालं की टोपण लावायचं, प्लेट घालायची, मग पुन्हा काढायचं.”

“प्लेटा पिशवीत होत्या. टोपण त्यांच्या खिशात होतं. आणि ते स्वतः चाळीस पावलांवर, पुलावर.”

सारजाबाई माझ्याकडं बघत राहिली. ती नवऱ्याच्या प्लेटा स्वतः धुणारी बाई होती. मला पुढचं सांगावं लागलं नाही.

“म्हणजे काचेवर कोणीतरी बघत होतं,” ती म्हणाली.

४

कॅमेरा मी पहिल्याच दिवशी तिवईसकट उचलून चावडीत ठेवला होता. त्याला हात लावायला कोणी धजत नव्हतं, म्हणून जसा होता तसाच होता. शिपाई गुंडाला घेऊन तो पुन्हा ओढ्यावर नेला. तिवईच्या पायांच्या खळग्या अजून होत्या. त्यांत पाय बसवले.

“गुंडा, पुलावर जाऊन मधोमध उभा राहा.”

“साहेब, मला दोन पोरं हायती.”

“मी प्लेट घालत नाही रे बाबा. नुसता उभा राहा.”

तो कुरकुरत गेला. मी काळं फडकं डोक्यावर घेतलं. रामहरी ताडमाड माणूस, त्यानं तिवई स्वतःच्या बेतानं लावलेली. मला चवड्यांवर उभं राहावं लागलं. आत अंधार, आणि पुढं दुधी काच. काही दिसेना म्हणून मी पुढं झुकलो तर कपाळच काचेवर टेकलं. जरा मागं सरलो आणि चित्र उमटलं.

गुंडा पुलाला उलटा लोंबकळत होता. पाय वर दगडाला, डोकं खाली, आणि डोक्याखाली नुसतं मोकळं आभाळ. मी तोंड उघडून ओरडणारच होतो. फडकं फेकून बाहेर आलो तर गुंडा पुलावर सरळ उभा, नाक खाजवत.

मी पुन्हा एकदा त्याच्याकडं बघून खात्री केली. चौपन्न वर्षांचा मी, कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं असं कुठंतरी ऐकलेला. मला जर असं झालं, तर ज्यानं कधी काही ऐकलंच नाही त्याचं काय झालं असेल?

गुंडा पळत आला आणि माझ्याकडं बघून दात काढायला लागला.

“साहेब, तुमी कवा लिंगायत झालासा?”

“काय?”

“कपाळाला इभूती लागलीया की!”

मी कपाळावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी राख आली. परत फडक्यात शिरून काच तिरपी बघितली. अर्धा पुरावा मी घामेजल्या कपाळानं पुसून घेतला होता, पण अर्धा शिल्लक होता. तीन बोटांच्या तीन रेघा, आडव्या, काचेवर दाबून उमटलेल्या. माझ्यासारखंच कोणीतरी नवखं माणूस काचेवर कपाळ टेकून गेलं होतं. रामहरीनं स्वतः असं कधी केलं नसतं.

येडूच्या कपाळावर भंडारा होता. त्याचा डाग पिवळा पडला असता. पाटलाच्या अष्टगंधाचा लालसर पडला असता. ही विभूती होती. आणि तिवईच्या पायाशी पडलेली कण्हेरीची फुलं? मी कोनाड्यात जाऊन बघितलं. नंदीवर वाळलेल्या फुलांचा ढीग होता, म्हणजे कोणीतरी रोज वाहत होतं. त्या दिवशीची फुलं मात्र नंदीपर्यंत पोचलीच नव्हती.

“गुंडा, इथं रोज पूजा कोण करतं?”

“वाडीतलं एकच लिंगायताचं घर हाय, साहेब. सिद्रामप्पाचं.”

५

सिद्रामप्पा घरी नव्हता, आणि ते बरंच झालं. त्या दिवशी तो बाजारात होता हे ठरलेलंच होतं. अंगणात कण्हेर फुललेली होती. ओट्यावर त्याची बायको दाक्षायणीबाई कमरेत पार वाकून तांदूळ निवडत होती. सत्तरीची असेल. दारात सून उभी होती, रुद्राणी. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत होता, महिन्यातून एकदा यायचा. अंगानं उंच, शिडशिडीत. कपाळावर तीन रेघा, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“बसवण्णाला फुलं कोण घालतं, बाई?”

“मीच,” रुद्राणी म्हणाली.

“बाजाराच्या दिवशी घातली नाहीत.”

ती सासूकडं बघू लागली. मी म्हाताऱ्या बाईकडं वळून, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं, सगळं सांगितलं. खिशातलं टोपण, पिशवीतल्या प्लेटा, काचेवरची विभूती, धुळीतल्या टाचा. आवाज चढवला नाही. चढवायला जोरच राहिला नव्हता. शेवटी म्हणालो, “त्या काचेत मीही बघितलं. मला माझा शिपाई मेलेलाच दिसला. तिथं जे कोणी होतं त्यानं काही वाईट केलेलं नाही. पण येडू धनगर उद्या मॅजिस्ट्रेटपुढं उभा राहणार आहे. त्याच्या बाजूनं बोलायला मेंढरांशिवाय कोणी नाही.”

रुद्राणी दाराला धरून खाली बसली. बोलली ती सरळ, एका सुरात. डोळ्यांत पाणी नाही.

“मी फुलं घेऊन गेले होते. ते म्हनाले, ताई, पुलावर जरा उभ्या राहा. मी नको म्हनले. भ्या वाटतं म्हनले. तर म्हनाले, आदी मी उभा राहतो, तुमी ह्यात बगा. मी कपडा डोक्यावर घेतला. आत बगितलं तर ते लोंबत होते. खाली डोकं. पडनारच होते. मी आतूनच ओरडले, मागं सरा, मागं सरा म्हनून. ते सरले.” तिनं हातानं वर दाखवलं. “माझ्या डोळ्यांसमोर ते वर दगडात शिरले. मी कपडा काढून बाहेर आले तर पुलावर कुनी न्हवतंच.”

दाक्षायणीबाईचे हात सुपात थांबले होते.

उलट्या चित्रात खाली पडणारा माणूस वर जाताना दिसतो. एवढंसं समजायला एका बाईनं चार दिवस अन्न टाकलं होतं. रामहरीला वाटलं असणार, समोरची कड ढासळतेय, पोरीला तिकडून दिसतंय. तो विश्वासानं मागं सरला. एक, दोन, तीन.

“आधीच का नाही सांगितलं?” मी विचारलं, आणि उत्तर ठाऊक असताना विचारल्याबद्दल मला लाज वाटली.

“परक्या बाप्याच्या कपड्यात डोकं घातलं मी. एकटी. ओढ्यावर.” ती जमिनीकडं बघत म्हणाली. “मावांना काय सांगू, सासऱ्यांना? त्यांच्या मुलाला काय सांगू? आनि काय सांगू, मीच मारलं त्यांना म्हनून?”

मला तिची जबानी हवी होती. ती कोर्टात वाचली गेली की संध्याकाळपर्यंत मंद्रूपच्या चौकात तिची चघळून चिंधी होणार होती, आणि नवरा गिरणीतून परत यायचा नव्हता. तिला वगळलं तर येडू लटकणार होता. तीस वर्षं कायदा पाळून माणूस इथं येऊन पोचतो. मी वही उघडली, पण लेखणी उचलवेना.

“लिव्ह,” दाक्षायणीबाई म्हणाली.

“काय लिहू?”

“दाक्षायणी सिद्रामप्पा. वय सत्तर. फुलं घेऊन मी गेलते. कपड्यात डोकं मी घातलं. मी वरडले.”

“अत्ती!” सासूला हाक मारत रुद्राणी उठायला लागली.

“तू गप बस.” म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. “फौजदारा, माझ्या कपाळाला बी त्याच तीन रेघा हायत. तुला काय खोट काडायची हाय का त्यात?”

“तुम्हाला लोक हसतील, आजी. म्हातारपणी हिला फोटोचा नाद लागला म्हणतील.”

“हसू दे की. मला नावं ठेवनारे समदे कवाच मातीत गेले. तिची अजून जिती हायत.”

मी तिच्या वाकलेल्या पाठीकडं बघितलं. उभी राहिली तरी ती माझ्या छातीला लागली नसती. मग मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. माझ्या नोकरीतली ती पहिली खोटी जबानी, आणि माझं अक्षर इतकं नीट त्याआधी कधी आलं नव्हतं.

६

सोमवारी मॅजिस्ट्रेटनं दाक्षायणीबाईला खुर्ची दिली. तिनं सांगायचं ते सांगितलं. कोर्टात लोक खुसखुसले. सिद्रामप्पा मागच्या बाकावर रुमालात तोंड खुपसून बसला होता.

“आजी, तुम्ही त्या काचेपर्यंत पोचलात कशा?” मॅजिस्ट्रेटनं विचारलं. तो हुशार होता, पण सुदैवानं त्या दिवशी त्याचंही डोकं दुखत होतं.

“दगडावर चडले,” म्हातारी म्हणाली.

दगडाचं माझ्या पंचनाम्यात कुठंही नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं पाहिलं. त्यानं कागदावर सही केली. अपघात.

येडू सुटला. कोर्टाबाहेर त्यानं म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला विचारलं, “साहेब, आता जाऊ?” “जा,” म्हणालो. सहा कोकरं चाऱ्यावाचून गेली होती. त्याची भरपाई सरकारकडं नसते. तानाबाईनं कळप हलवून तयारच ठेवला होता, असं पुढं गुंडानं सांगितलं.

मी कॅमेरा घेऊन सात रस्त्याला गेलो. सारजाबाईनं तो पुसून कोपऱ्यात ठेवला, मग माझ्यासमोर बसली.

“ते पडले,” मी म्हणालो. “कोणी पाडलं नाही. काचेवर एक म्हातारी बघत होती. तिला ते उलटे दिसले, ती घाबरून ओरडली, ते मागं सरले.”

“कोर्टात असंच लिहिलंय?”

“असंच लिहिलंय.”

तिनं विचारलं, “कशी होती ती म्हातारी?”

“सत्तरीची. कमरेत वाकलेली.”

सारजाबाईनं वळून तिवईकडं पाहिलं. पाय अजून रामहरीच्याच उंचीला बांधलेले होते. तिनं हात वर करून दुधी काचेला लावला, तो तिच्या कपाळाच्याही वर गेला. मग हात खाली घेतला. मी चहाच्या कपाकडं बघत राहिलो. आता ही विचारणार, आणि हिला खोटं सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

“लिहिलंय ते राहू द्या,” ती म्हणाली. “जी कोणी असेल तिला माझा एक निरोप द्याल?”

“देईन.”

“लग्नानंतर वर्षभरानं ह्यांनी हा कॅमेरा आणला. स्वतः समोर जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, बघ. मलाही ते उलटे लोंबकळताना दिसले. मीही फडक्यातूनच किंचाळले, मागं व्हा म्हणून. आणि तेही दचकून मागं गेले होते.” तिनं उगाच कॅमेऱ्यावरचं फडकं सारखं केलं. “फक्त आम्ही अंगणात होतो. मागं तुळशीचा कट्टा होता. त्याला अडकून खाली बसले आणि पोट धरून हसले. एवढाच फरक, म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी मी मंद्रूपची मोटार धरली. सिद्रामप्पा कामावर गेल्याचं बघून अंगणात शिरलो आणि रुद्राणीला तो निरोप शब्दाला शब्द सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर न लावता मोठ्यानं रडायला लागली. शेजारपाजारच्या बायका कुडावरून डोकवायला लागल्या. दाक्षायणीबाई तिच्याजवळ जाऊन बसली, आणि तिनं तिला गप्प केलं नाही.